रिपोर्टात ‘एच’ आलं, ‘एल’ आलं: घाबरायच्या आधी काय बघायचं

रक्ताचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या मोबाइलवर पोचतो. रात्री नऊ-साडेनऊला पीडीएफ येते. घरातलं शिकलेलं पोर ती उघडतं, ठळक छापलेला आकडा आणि शेजारचं ‘एच’ नाहीतर ‘एल’ बघतं, गूगलवर शोधतं आणि पहिल्या पानावरच कॅन्सर निघतो. सकाळी लॅबचं शटर वर जायच्या आधी माणसं पायरीवर उभी असतात. खानापूर, चंदगड, हुक्केरी, यळ्ळूर, कुठनं कुठनं आलेली. मी बेळगावात लॅबमध्ये काम करतो. रक्त काढणं आणि मशीन चालवणं माझ्याकडं, निदान डॉक्टरांकडं. पण खिडकीवर येणारे प्रश्न तेच तेच असतात आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत.

‘एच’ म्हणजे छापलेल्या मर्यादेच्या वर, ‘एल’ म्हणजे खाली. ते अक्षर सॉफ्टवेअर छापतं. तुम्हाला काय होतंय, गोळ्या कुठल्या चालू आहेत, परवा ताप होता का, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. आता ही मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांचा मोठा गट घेतात, सगळ्यांचं रक्त तपासतात, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के ती ‘नॉर्मल रेंज’. म्हणजे धडधाकट शंभर माणसांतले पाच जण कुठल्याही तपासणीत रेंजच्या बाहेर पडणार, हे त्या पद्धतीतच धरलेलं आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टातही निदान एक ठळक आकडा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. साठ-सत्तर तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं की एकही ठळक आकडा न येणं हेच नवल.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांचं मात्र वेगळं. तिथं मर्यादा गर्दीवरून ठरलेली नाही. कुठल्या आकड्यापासून पुढं डोळे, किडन्या, हृदय यांना धोका वाढतो ते बघून ठरवली आहे. त्यामुळं साखरेचं ‘एच’ आणि मोनोसाइट्स या पांढऱ्या पेशींचं ‘एच’ एकाच जाड अक्षरात छापलेलं असलं, तरी त्यांचं वजन सारखं नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड असते. निपाणी-चिकोडीकडचा माणूस एकदा कोल्हापूरला, एकदा मिरजेला आणि तिसऱ्यांदा बेळगावला तपासतो. तीन लॅब, तीन मशीन, तीन रेंज. एका ठिकाणी एसजीपीटी या लिव्हरच्या तपासणीची वरची मर्यादा ४० असते, दुसरीकडं ५५. पहिल्या रिपोर्टात ४८ ला ‘एच’ आणि दुसऱ्यात ५० ला काहीच नाही, असं सहज होतं. लिव्हर सुधारलेलं नसतं, बिघडलेलंही नसतं. सतत बघायची तपासणी असेल, विशेषतः थायरॉइडची टीएसएच किंवा प्रोस्टेटची पीएसए, तर शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी.

उलटी गोष्टही तितकीच खरी, आणि ती फारशी कुणी सांगत नाही: आकडा रेंजमध्ये असून दुखणं असू शकतं. क्रिएटिनिनचं उदाहरण घ्या. तालमीत जाणारा पंचवीस वर्षांचा पोरगा आणि सत्तरीची वाळलेली आजी, दोघांचंही क्रिएटिनिन १.१ आलं. पुष्कळ रिपोर्टांत दोघांनाही खूण नसते. पण वय आणि लिंग धरून किडनीच्या गाळण्याचा वेग काढला, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तर पोराचा साधारण ९५ निघतो आणि आजीचा ५४. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आजीच्या अंगावर मांसच कमी, तिचा आकडा खरं तर ०.६-०.७ असायला हवा. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकून राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. आजीच्या गुडघ्यांसाठी मेडिकलमधून रोज आणली जाणारी वेदनाशामक गोळी तिथं लगेच बंद करायला हवी. हे त्या ‘नॉर्मल’ आकड्यानं कधीच सांगितलं नसतं. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका. गेल्या वर्षी ०.७ होतं आणि यंदा १.१ झालं, ही चढण दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता रक्त काढल्यापासून मशीनपर्यंतचा प्रवास. आकडा विचित्र आला की मी आधी ट्यूब बघतो. रक्त ओढताना शीर नीट मिळाली नाही, सिरिंज जोरात ओढली, किंवा ट्यूब दणादणा हलवली, तर तांबड्या पेशी फुटतात. वरचं पिवळसर पाणी गुलाबी होतं आणि पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. पेशंट ठणठणीत, आणि रिपोर्टात पोटॅशियम ६.२. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या गाडीनं शहरात आलं, तरी तेच होतं. साखरेचं उलटं. ट्यूबमध्ये पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइडची ट्यूब. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जांभळ्या टोपणाची, तिच्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, मात्र त्या ईडीटीएमुळंच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला अख्खा पुंजका एकच पेशी वाटतो. आकडा येतो चाळीस हजार. काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की पुंजके दिसतात. मग निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये परत रक्त घ्यायचं. अंगावर एकही डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही आणि प्लेटलेट्स एकदम ढासळलेल्या, असं असेल तर “स्लाइड बघितली काय?” एवढं लॅबला विचारायला लाजू नका.

पेशंटच्या बाजूनंही घोळ असतात. उपाशीपोटी म्हणजे आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही. “चहाच पिलोय की ओ, खाल्लं कुठं?” हे रोजचं. दूध-साखरेचा चहा म्हणजे खाणंच. गावच्या लक्ष्मी यात्रेत रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त दिलं, तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), युरिक अ‍ॅसिड, थोडंफार क्रिएटिनिनसुद्धा वर जाणार. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचं थायरॉइड रिपोर्टात भलतंच दिसू शकतं. त्या निदान दोन दिवस आधी थांबवायच्या.

हिमोग्लोबिनवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या खिडकीवर सगळ्यात जास्त ‘एल’ तिथंच येतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. मर्यादा साध्या आहेत: बाईसाठी १२, गरोदरपणात ११, पुरुषासाठी १३. पण रक्त कमी आहे इतकंच कळून उपयोग नाही. कशानं कमी आहे ते कळायला हवं, आणि त्याची खूण त्याच सीबीसीच्या कागदावर चार ओळी खाली असते. तिथं कुणी बघत नाही.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. पहिला निपाणीकडच्या बिड्या वळणाऱ्या बाईचा समजा: हिमोग्लोबिन ८.८, तांबड्या पेशी ४.१ दशलक्ष, एमसीव्ही ६८, आरडीडब्ल्यू १८.५. दुसरा लग्न ठरलेल्या मुलीचा: हिमोग्लोबिन ११.४, तांबड्या पेशी ५.७ दशलक्ष, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १४. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ८० ते १०० असायला हवं. दोघींच्याही पेशी बारीक आहेत. दोघींनाही कुणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून देईल. पण पहिलीच्या पेशी कमी आहेत आणि लहानमोठ्या आहेत; आरडीडब्ल्यू वाढलेला असतो तो त्यामुळंच. माल संपत आल्यासारखी ही स्थिती लोहाच्या कमतरतेत दिसते. दुसरीच्या पेशी बारीक असल्या तरी एकसारख्या आहेत आणि संख्येनं भरपूर, नेहमीपेक्षा जास्तच. इथं संशय थॅलेसेमियाच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, वाहकपणाचा. एक कच्चा हिशेब आहे: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांनी भागायचं. उत्तर १३ च्या वर गेलं तर लोहाकडं कल, खाली आलं तर थॅलेसेमियाकडं. पहिलीचं उत्तर १६.६, दुसरीचं ११.२. हा हिशेब निदान करत नाही, पुढची तपासणी कुठली ते सुचवतो. पहिलीसाठी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. दुसरीसाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक वाहकपण पक्कं होतं.

वाहक मुलीला स्वतःला काही होत नाही. थोडं रक्त कमी असतं, तेवढंच. भारतात तीन-चार टक्के लोक असे वाहक आहेत आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजरचं होण्याची शक्यता २५ टक्के. त्या मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. लग्न ठरताना पत्रिका बघणाऱ्या घरांनी ही एक तपासणी दोघांचीही करून घ्यावी, असं मला फार वाटतं. पत्रिकेचा खर्च जास्त येतो.

पहिल्या बाईकडं परत येऊ. लोह कमी का झालं? पाळीत जास्त जात असेल, बाळंतपणं लागोपाठ झाली असतील, जेवणात कमी असेल, किंवा पोटात आकडेकृमी असतील. शेतात अनवाणी फिरणाऱ्यांच्या तळपायातून ते शिरतात आणि आतड्यातून रक्त पितात. त्याच रिपोर्टात इओसिनोफिल्स या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर, तर जंतांचं औषध आठवावं. गोळी सुरू केली की ती चहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये तास-दोन तासांचं अंतर ठेवायचं. लिंबू पिळलेलं पाणी चालतं, उलट चांगलं. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वर यायला हवं. नाही आलं तर गोळी पोटात जात नाही, रक्त अजून कुठूनतरी जातंय, किंवा निदानच वेगळं आहे. आकडा बारावर पोचला की डबी ठेवून देतात, ते चूक. साठा भरायला पुढं तीन महिने लागतात.

पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगात लोह कमी निघालं तर प्रकरण गंभीर समजा. “मूळव्याध आहे, त्यानं झालं असेल” म्हणून सोडून देऊ नका. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात झालेला व्रण किंवा आतड्यातली गाठ महिनोन्महिने थोडं थोडं रक्त सांडत असते आणि तिची पहिली खूण हाच ‘एल’ असतो. अशा माणसाला लोहाची गोळी देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही. दुर्बिणीतून तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

एमसीव्ही शंभराच्या वर असेल तर बी१२ किंवा फोलेट कमी असण्याचा संशय घेतात. दारू आणि थायरॉइड हीही कारणं असतात. आपल्याकडं जैन आणि लिंगायत घरांत, जिथं मांसमच्छी वर्ज्य आणि दूधही बेताचं, तिथं बी१२ कमी निघणं नवीन नाही. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते घसरतं. एक गंमत बघा. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एकानं पेशी बारीक होतात, दुसऱ्यानं मोठ्या, आणि सरासरी येते ८८. एकदम नॉर्मल. अशा वेळी फक्त आरडीडब्ल्यू आणि स्लाइड चुगली करतात. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आता पावसाळ्यातला विषय, प्लेटलेट्स.

“साहेब, प्लेटलेट दोनशे दहाच आलेत की ओ! आमच्या पोराचं काय खरं न्हाई.”

“मामा, ते दोनशे दहा हजार हाईत. दोन लाख दहा हजार. पोरगा बरा हाय.”

हा संवाद दर पावसाळ्यात होतो. काही मशीन आकडा हजारांत छापतात, काही पूर्ण. एकाच घरात एका भावाचा रिपोर्ट ‘२१०’ आणि दुसऱ्याचा ‘१,८५,०००’ असतो. आकड्याच्या शेजारचं परिमाण आधी वाचायचं. साधारण दीड लाख ते साडेचार लाख हे ठीक.

डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात, आणि सगळं घर तेवढ्याच आकड्याकडं डोळे लावून बसतं. खरा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बऱ्याचदा ताप उतरतो तेव्हाच, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागतं आणि रक्त घट्ट होतं. सीबीसीत ते हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याच्या, ओळीत दिसतं: ४० चं ४८ झालं, म्हणजे वीस टक्के वाढलं, तर ती धोक्याची घंटा, प्लेटलेट्स नव्वद हजार असल्या तरी. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, पोर मलूल होऊन पडणं, यातलं काही झालं तर आकड्याची वाट न बघता दवाखान्यात. आणि रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. पन्नास हजारांवर पिशवीसाठी धावाधाव करू नये. पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारतात. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट्स आपोआप वर येऊ लागतात आणि श्रेय त्या दिवशी जो काही रस पोटात असेल त्याला मिळतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मात्र चुकूनही देऊ नका.

ताप, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी, असा तिहेरी रिपोर्ट म्हणजे डेंग्यूच, असं खानापूरच्या जंगलपट्टीत तरी धरून चालू नये. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्यानं तो होतो. गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण सापडले. काजूच्या हंगामात तिकडं मजुरीला जाणाऱ्या बेळगाव भागातल्या माणसांनाही तो झाला. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, डेंग्यूचा जोर पावसात आणि पावसानंतर. रक्तातले आकडे जवळपास सारखेच दिसतात. फरक आधी पेशंटच्या तोंडून कळतो: “काजूला गेलतो”, “जंगलात लाकडं आणायला जातो”, “माकडं मरून पडलीत”. तसंच भाताच्या चिखलात लावणी केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, आणि रिपोर्टात प्लेटलेट्स कमी, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि क्रिएटिनिन वर असं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी करावा लागतो. त्यावर प्रतिजैविक आहे आणि वेळेवर मिळालं तर गुण येतो. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि आपलं कन्नड तोडकंमोडकं असेल तरी हे कामाचं ठिकाण सांगितल्याशिवाय उठू नका.

तापातली दुसरी लाडकी तपासणी विडाल. एकदा केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवू नये. पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल, दुसराच कुठला ताप असेल, तरी ती थोडीफार पॉझिटिव्ह येते. ‘पॉझिटिव्ह’ हा शिक्का बघून दहा दिवसांची सलाइनं लागलेली माणसं मी पुष्कळ बघतो. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करायच्या आधी केलेलं ब्लड कल्चर हीच खरी परीक्षा. महाग पडतं, तीन-चार दिवस लागतात, पण कुठलं औषध चालेल तेही कळतं.

साखरेचे आकडे पाठ असावेत असे आहेत. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ पासून पुढं मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या आत ठीक, २०० पासून पुढं मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसरी तपासणी जुळावी लागते. उपाशीपोटीची साखर म्हणजे आज सकाळी डेअरीवर लागलेलं फॅट, आणि एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या बिलातली सरासरी; आदल्या दोन दिवसांत भात सोडून ती सरासरी हलत नाही. पण ती तांबड्या पेशींवर मोजली जाते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह कमी असलं तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटं खाली. म्हणून हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बाईचं एचबीए१सी एकटं वाचायचं नसतं.

लिव्हरच्या तपासण्यांत एसजीओटी आणि एसजीपीटी यांचं नाव लिव्हरशी जोडलेलं असलं तरी एसजीओटी स्नायूंतही असतं. बेळगावच्या तालमीतला पैलवान सकाळी जोर-बैठका मारून तसाच रक्त द्यायला येतो आणि एसजीओटी ११० निघतं, क्रिएटिनिन १.४. घरचे पोराला दारूबद्दल विचारायला लागतात. अशा वेळी सीपीके ही स्नायूंची तपासणी केली की ते स्नायूंतून आलंय हे कळतं. आठवडाभर तालीम बंद ठेवून परत तपासावं. दारूत बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या वर जातं. एसजीपीटी साठ-सत्तर, पोट सुटलेलं आणि ट्रायग्लिसराइड वर, तर बहुतेक लिव्हरवर चरबी. पण कावीळ बी आणि सी एकदा तपासून घ्यावी. बिलिरुबिन दीड-दोन, बाकी सगळं नॉर्मल, आणि उपवासात डोळे जरा पिवळे, हा गिल्बर्टचा प्रकार. जन्मजात असतो, त्याला औषध लागत नाही. वाढत्या पोरांचं अल्कलाइन फॉस्फटेज तीनशे येतं आणि मोठ्यांच्या रेंजशी ताडून त्याला ‘एच’ लागतं. ती हाडं वाढतात म्हणून.

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी तळाला बसण्याचा वेग, वयानुसार वाढतं. साठीच्या बाईचं ३५ असलं तरी फारसं काही नाही. रक्त कमी असलं तरीही ते वर जातं. टीएसएच ४ ते १० च्या मधे आणि टी४ (थायरॉइडचं हार्मोन) नॉर्मल असेल तर बऱ्याचदा काही आठवड्यांनी परत बघतात, लगेच जन्माची गोळी नाही. गरोदर बाईला हा नियम लागू नाही, तिनं त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. युरिक अ‍ॅसिड साडेसात आलेल्या पुष्कळ लोकांना त्याचा संधिवात, म्हणजे गाउट, कधीच होत नाही.

पॅकेजमध्ये फुकट म्हणून टाकलेले कॅन्सरचे मार्कर मला अजिबात पसंत नाहीत. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गर्भाशयाच्या गाठीत, पोटाच्या क्षयातही वाढतं. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं मुळातच जास्त असतं. लक्षण नसताना ते केलं की हाती बहुतेक वेळा फक्त भीती लागते आणि पुढच्या स्कॅनचा खर्च.

थांबायचं नाही असे आकडेही आहेत. हिमोग्लोबिन सातच्या खाली, प्लेटलेट्स वीस हजारांच्या खाली, नीट काढलेल्या रक्तात पोटॅशियम साडेसहाच्या वर, सोडियम १२० च्या आसपास, साखर तीनशेच्या वर आणि सोबत उलट्या किंवा धाप, दोन दिवसांत दुप्पट झालेलं क्रिएटिनिन, किंवा शेऱ्यात ‘ब्लास्ट’ पेशी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या कच्च्या पेशी, लिहिलेल्या असणं. असं काही दिसलं की लॅबनं स्वतः फोन करायला हवा, आणि फोन आला तर उद्या सकाळची वाट बघू नका. रात्रीच सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जायचं.

बाकीच्या आकड्यांना धीर धरता येतो, पण परत कधी तपासायचं हेही ठरलेलं असतं. डेंग्यूत सीबीसी रोज. लोहाच्या गोळ्यांनंतर हिमोग्लोबिन महिन्यानं. थोडंसं वाढलेलं क्रिएटिनिन आठवड्या-दोन आठवड्यांत परत, आणि मग तीन महिन्यांनी. थायरॉइडची मात्रा बदलली तर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केलं तर जुन्या मात्रेचाच आकडा दिसतो. एचबीए१सी तीन महिन्यांनी. दर पंधरा दिवसांनी ते करून घेणारे काका आमच्याकडं येतात, आणि त्यांना मी दर वेळी सांगतो की तेवढ्या पैशांत घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतात.